पाठीवरचा हात

जावा बेटावरच्या मुंतिलानच्या बाजारात वुर्यानी बसमधून उतरली आणि तिची पहिली नजरानजर झाली ती केळी विकणाऱ्या एका पोटुशा बाईशी. बाईने एकदा पाहिलं, पुन्हा निरखून पाहिलं, आणि ओळख पटताच चटकन पोटावरून हात फिरवत पुटपुटली, "अमित-अमित जाबांग बायी." म्हणजे, पोटातल्या बाळा, तुला काही न लागो. रस्त्यात अपघात दिसला, मढं समोरून गेलं, की इकडच्या गरोदर बायका हेच म्हणतात. वुर्यानीला याची सत्तावीस वर्षांची सवय होती. तिने मान खाली घातली आणि केळी न घेताच पुढे गेली.

एरवी तिने ते मनावर घेतलंही नसतं. पण आज ती स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणाला निघाली होती आणि वाटेत पहिलं माणूस भेटलं ते असं. बाजारातून तिने मोटारसायकल ठरवली. चालवणारा बाप्या सारखा आरशात डोकावत होता. दोन वळणं गेल्यावर तो, बाईसाहेब म्हणावं तशा आदराने, म्हणाला, "बू, तुम्ही आरशात दिसताय. मग हरकत नाही." त्याला वाटलं, आपण मोठा विनोद केला. वुर्यानी हसली, कारण हसलं नाही तर लोक आणखी घाबरतात.

पडद्यावर तिचं नाव 'वुर्यानी एस.' असं यायचं. लोकांच्या लेखी मात्र तिचं नाव एकच, सुंडेल बोलोंग. पोटात मूल घेऊन मेलेली बाई, पुढून देखणी, कमरेखाली रुळणारे केस, आणि केस बाजूला केले की पाठीत हे एवढं भोक. ही अळवंतीण तिने एकोणीस पिक्चरांत रंगवली. त्यांतल्या अकरांत ती आधी बाळंतपणात तडफडून मरते आणि मग उठते. दोन पिढ्यांच्या आयांनी पोरांना तिचं नाव सांगून जेवायला लावलं. आणि ही बाई स्वतः इतकी भित्री, की दिवा मालवून झोपणं तिला जन्मात जमलं नाही. झुरळ दिसलं तर ती खुर्चीवर चढायची.

गंमत म्हणजे ज्या हसण्याने लोकांची गाळण उडायची ते तिचं नव्हतंच. तेव्हा पिक्चर बिनआवाजाचे घ्यायचे आणि आवाज मागाहून जाकार्तातल्या एका कोंदट खोलीत भरायचे. वुर्यानीचा आवाज पातळ, खेड्यातला हेल असलेला. तो कुणाला नको होता. हसणं, विव्हळणं, किंकाळ्या, सगळं तिएन नावाच्या एका लठ्ठ आणि आनंदी बाईचं होतं. ती दोन किंकाळ्यांच्या मधल्या वेळात शेंगदाणे खायची. लग्नाकार्यात लोक वुर्यानीला आग्रह करायचे, एकदा ते हसून दाखवा ना. ती हसून दाखवायची आणि सगळ्यांचा हिरमोड व्हायचा.

मुलीचं, निंग्रुमचं, सासर गावाच्या टोकाला, साळाक या फळाच्या काटेरी बागेत होतं. जावई हार्जुनो बागाईतदार, सरळ माणूस. फोन त्यानेच केला होता, ईबू, म्हणजे आई, दिवस भरलेत, या. दारात विहीण, बू कास्तिना, दोन्ही हात जोडून उभी होती. तिने वुर्यानीची पिशवी घेतली, चहा दिला, वाफवलेली रताळी दिली, प्रवासाची चौकशी केली, आणि अंगणापलीकडच्या खोलीत तिचं अंथरूण घातलं. घरात दोन खोल्या रिकाम्या असताना.

आमच्या जावानी लोकांत 'नाही' हा शब्द कुणी कुणाच्या तोंडावर मारत नाही. त्याच्याऐवजी माणसाला इतका मान देतात, की त्याला जागचं हलता येऊ नये. वुर्यानीने विचारलं, निंग्रुम कुठे आहे, तर ती आत्ताच झोपली होती. तासाभराने विचारलं तर आत्ताच न्हायला गेली होती. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तुम्हीच जरा पडा, दमला असाल. पोटाला बांधायचा लांब पट्टा आणि झाडपाल्याचं औषध वुर्यानीने आणलं होतं. विहिणीने ते कपाळाला लावून घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर, भुताखेताला अडवायला सगळीकडे ठेवतात तसा, हिराचा खराटा उलटा उभा केलेला होता आणि त्याच्या टोकांना लाल मिरच्या आणि छोटे कांदे टोचलेले होते. फक्त तो दाराजवळ नव्हता. तो अंगणाच्या बाजूला, वुर्यानीच्या खोलीसमोर उभा होता.

निंग्रुम तिला दिसली ती एकदाच, दुपारी, स्वयंपाकघराच्या दारात. सत्तावीस वर्षांची, गावच्या शाळेत मास्तरीण. पोट खाली उतरलेलं, झग्याला, बाधा होऊ नये म्हणून, सेफ्टी पिनेने छोटी कात्री आणि मुळीचा तुकडा अडकवलेला. तिने रीतीप्रमाणे आईचा हात घेऊन कपाळाला लावला. मुलीचा हात गरम होता. मग तिने हात सोडला आणि खालच्या नजरेनेच ती आत निघून गेली. आईच्या तोंडाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

विहिणीने पढवलंय तिला, असं वुर्यानीने मनाशी ठरवून टाकलं. राग येणं सोपं होतं. रागामागे जी भीती होती तिच्याकडे बघायची तिची छाती नव्हती.

ती भीती तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. ज्या पिक्चरने वुर्यानी एस. जन्माला घातली, त्याच्या वेळी ती गर्दीत उभी राहणारी कुणीतरी होती, पोटात सात महिन्यांचं मूल होतं, आणि ते लपवायला ती सैल कपडे घालत होती, कारण कळलं असतं तर तिला घरी पाठवलं असतं. नायिकेच्या पोटाला उशी बांधली होती आणि दिग्दर्शक दार्सोनो, आदराने पाक दार्सोनो, डोकं धरून बसले होते. काही केल्या ती उशी उशीच दिसत होती. मग त्यांची नजर वुर्यानीवर गेली. ते ओरडले नाहीत. ते आनंदाने उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी नायिका बदलली.

बांबूच्या झोपडीत एकटीच बाई कळा देते आणि मरते, असा तो प्रसंग होता. रक्त साखरेच्या पाकाचं. रंगभूषा करणारी म्हातारी म्बोक ईयेम तिला आदल्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, भरल्या पोटाने असलं सोंग करू नये. करतेच आहेस तर एक लक्षात ठेव. कट म्हटल्या म्हटल्या पोटावर हात ठेवायचा आणि 'अमित-अमित' म्हणायचं. त्याच्या आधी तोंडातून दुसरा शब्द निघता कामा नये." वुर्यानीने मान डोलावली. प्रसंग एका दमात झाला. ती अशी मेली की दिवे धरणारी माणसंसुद्धा हलली नाहीत. कट झालं, टाळ्या पडल्या, आणि पाक दार्सोनो धावत येऊन तिच्यापुढे वाकून म्हणाले, शाब्बास, अप्रतिम.

वडीलधाऱ्या माणसाने कौतुक केलं तर आधी आभार मानायचे. हे तिला आईने बोलता येण्याच्या आधीपासून शिकवलं होतं. ती रक्ताने माखलेली तशीच अर्धवट उठली आणि हात जोडून म्हणाली, "मातुर नुवुन, पाक." उपकार झाले, साहेब. म्हातारी ईयेम दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. "आधी बाळ, मग साहेब," एवढंच ती बोलली आणि निघून गेली. वुर्यानीने नंतर ते शब्द शंभरदा म्हटले, विहिरीवर म्हटले, नमाजानंतर म्हटले. पण ते नंतर होतं.

निंग्रुम जन्मली तेव्हा तिला वाटलं, सुटले. पोरगी तापाने फणफणली तेव्हा वाटलं, आता. ताप उतरला. पोरगी नदीत पडली, तिला बाहेर काढलं. वर्षं गेली आणि भीती झोपी गेली. मग हार्जुनोचा फोन आला की निंग्रुमला दिवस गेलेत, आणि वुर्यानीला फोन धरल्या धरल्या उमगलं, की आपण सोंग केलं होतं बाळंतपणात मरण्याचं. पोटात होती ती मुलगी. आणि तिचं बाळंतपण अजून व्हायचंच होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने विहिणीला स्वयंपाकघरात गाठलं. कास्तिना पाट्यावर मिरची वाटत होती.

"बू कास्तिना, मी भूत नाहीये. मी पोटासाठी भुताचं काम केलं. आत जी आहे तिला मी जन्म दिलाय."

कास्तिनाने वरवंटा बाजूला ठेवला. "मला ठाऊक आहे की. तुमचे सगळे पिक्चर बघितलेत मी. एक तर दोनदा बघितला, नवऱ्याशी भांडून."

"मग मला खराटा का दाखवता?"

विहीण उठली. मग तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि वुर्यानीसमोर जमिनीवर बसली. आता मानपान संपले, हे वुर्यानीला तिच्या बसण्यावरूनच कळलं.

"मी नाही ठेवलेलं तुम्हाला लांब. निंग्रुमने सांगितलंय. पाया पडून सांगितलंय, की आईला माझ्या खोलीत येऊ देऊ नका."

कास्तिना सांगत गेली आणि ती ऐकत गेली. निंग्रुम चार वर्षांची असताना गावच्या मैदानात पडदा लावून तो पिक्चर दाखवला होता. वुर्यानी जाकार्तात असायची आणि पोर तिच्या बहिणीकडे, पार्सिनीकडे. पार्सिनी कौतुकाने पोरीला घेऊन गेली. खांद्यावर बसवलं आणि म्हणाली, बघ, ती तुझी आई, आणि ते पोटात आहे ना, ती तू. मग पडद्यावरची बाई तडफडली आणि मेली. सगळं मैदान किंचाळलं. पोर किंचाळली नाही. तिने काही विचारलंही नाही. तीन आठवड्यांनी ईदेला वुर्यानी नवा झगा घेऊन घरी आली.

"तुम्ही घरी आलात, की ती मागून यायची आणि तुमच्या पाठीवरून हात फिरवायची," कास्तिना म्हणाली. "आठवतं?"

आठवत नाही कसं? वुर्यानीच्या सगळ्या आयुष्यात त्याच्याइतकं गोड दुसरं काही नव्हतं. वर्षातून दोनदा घरी जायचं, दमून ओट्यावर बसायचं, आणि मागून दोन इवले हात येऊन पाठीवर फिरायचे, खांद्यांपासून कमरेपर्यंत, सावकाश. एका मासिकाच्या मुलाखतीत तिने हे सांगितलं होतं. माझी मुलगी पाठ चोळून देते, सगळा शीण जातो.

"ती भोक शोधायची, बू," कास्तिना हळू आवाजात म्हणाली. "तिला वाटायचं आई तर मेली. मग ही कोण येते? नऊ वर्षांची होईपर्यंत दर ईदेला बघायची. मला हे लग्नानंतर सांगितलं, आणि सांगताना हसत होती. पण आता नाही हसत. आता तिला सगळं कळतं, मास्तरीण आहे ती. पण म्हणते, कळा येत असताना तो चेहरा समोर आला तर माझा धीर सुटेल. बाळंत होणारी बाई म्हणून तिने आजवर एकच चेहरा बघितलाय. त्या बाईचं काय झालं तेही बघितलंय."

वुर्यानीला विहिणीवर ओरडायचं होतं, पार्सिनीवर ओरडायचं होतं, पण पार्सिनीला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती उठली आणि आपल्या खोलीत आली. त्या रात्री तिने पिशवी भरली. सकाळच्या बसने निघून जायचं ठरलं. माझ्या सावलीपासून तरी पोर सुटेल, असा विचार तिने केला, आणि मग आपणच आपल्याला सावली म्हणतोय हे लक्षात येऊन ती गुडघ्यांत डोकं घालून रडली.

सकाळी ती पिशवी घेऊन अंगणात आली तेव्हा घरात धावपळ चालू होती. निंग्रुमची पाणमोट फुटली होती. हार्जुनो मोटारसायकलवरून सरकारी सुईणीला, बू रेत्नोला, घेऊन आला. वुर्यानीकडे कुणी पाहिलं नाही. ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली आणि पिशवी मांडीवरच राहिली.

आठ वाजले, दहा वाजले. लख्ख ऊन होतं, कोंबड्या बागेत उकरत होत्या, शेजारच्या घरी कुणीतरी रेडिओ लावला होता. वुर्यानीला दिवसाची भीती वाटायची सवय नव्हती. आतून कण्हण्याचे आवाज येत होते, आणि तिच्या अंगावर काटा येत होता तो वेगळ्याच गोष्टीने. पुढे काय येणार हे तिला पाठ होतं. आधी कण्हणं. मग देवाचं नाव. मग आईला हाक. मग एक लांब किंकाळी. आणि किंकाळीनंतर शांतता. ती शांतता पाक दार्सोनोंना फार आवडायची. प्रेक्षकांना तिथेच कळतं, ते म्हणायचे, मेल्याचं दाखवायची गरजच पडत नाही. अकरा पिक्चरांत ती त्या शांततेत डोळे उघडे ठेवून पडली होती.

अकराच्या सुमाराला निंग्रुमने देवाचं नाव घेतलं. वुर्यानीने कानांवर हात ठेवले आणि लगेच काढले. आईला हाक आली नाही. तिने वाट पाहिली, आणि ती आली नाही म्हणून तिला बरं वाटलं आणि त्याच वेळी काळजात कळ गेली. दीड वाजता किंकाळी आली. ती तिएनच्या किंकाळीसारखी मुळीच नव्हती. जनावराच्या तोंडून निघावी तशी, जाड आणि तुटकी. मग काहीच नाही.

रेडिओ चालू होता. वुर्यानीला उठायचं होतं, पण ती कट्ट्यावरून हलली नाही. माझ्यामुळे झालं, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. तेव्हा आभार मानायला नको होते. दरवाजा उघडला आणि कास्तिना भिंत धरत बाहेर आली. तिचे दोन्ही हात लटपटत होते. पाठोपाठ सुईण आली, कोपरापर्यंत रक्त. त्या रक्ताला वास होता. पाकाला कधी असा वास आला नव्हता.

"आहे?" वुर्यानीने विचारलं. दुसरा शब्द तिला सुचला नाही.

"आहे, पण दमलीय," सुईण म्हणाली. "बाळाचं डोकं अडलंय आणि रक्त जातंय. हार्जुनो, गाडी आण, मिळेल ती आण, मुंतिलानला न्यायची वेळ आली तर तयार पाहिजे." हार्जुनो पळाला. सुईण वुर्यानीकडे वळली. "तिला मागून उचलून धरायला कुणीतरी हवं. आडवी झाली की जोर लागत नाही. यांचे हात गेले. तुम्ही चला."

"मी नको. मी चालणार नाही तिला."

"चालतंय की नाही ते उद्या विचारू," सुईण करवादली. "आत्ता हात पाहिजेत."

वुर्यानी खोलीच्या दारातल्या पडद्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. आजवर ती हजारदा अशा पडद्याआडून आत गेली होती, आणि आत असलेल्या माणसाने किंचाळायचं हे ठरलेलं असायचं. तिने पडद्याला हात लावला नाही.

"निंग्रुम," ती बाहेरूनच म्हणाली. "मी आहे. येऊ का?"

मग निंग्रुमचा आवाज आला, घोगरा.

"मागून ये. पुढे येऊ नकोस."

वुर्यानी भिंतीला घासत आत गेली आणि मुलीच्या मागे, भिंतीला टेकून बसली. दोन्ही पाय पसरून तिने निंग्रुमला काखांखालून उचलून छातीशी धरलं. मुलगी घामाने भिजली होती आणि तिच्या अंगात ताकद म्हणून उरली नव्हती. खाली चादरीवर जे होतं ते वुर्यानीला खांद्यावरून दिसत होतं. तिने बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघत राहिली. पोटावर हात ठेवून ते शब्द म्हणावेत म्हणून तिने एक हात सोडला, तर निंग्रुम लगेच एका बाजूला कलली. सुईण ओरडली. तिने हात पुन्हा काखेखाली घातला. ते शब्द राहिले ते राहिलेच.

ती तोंड मिटून बसली होती. श्वासाचाही आवाज होऊ नये म्हणून जपत होती.

"काहीतरी बोल," निंग्रुम म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. पिक्चरात आवाज तुझा नव्हता. चेहरा त्या मेलेल्या बाईचा आहे. आवाज घरचाच आहे."

मग वुर्यानी बोलायला लागली. तिला काही सुचत नव्हतं म्हणून जे खरं होतं तेच ती सांगत गेली. साखरेच्या पाकाला मुंग्या लागायच्या. पुढच्या एका पिक्चरात मी मेलेली, डोळे उघडे, आणि एक मुंगी नाकात शिरली. मेलेल्या बाईला शिंक आली. पाक दार्सोनोंनी टोपी जमिनीवर आपटली. पुन्हा मेले, पुन्हा मुंगी. सहा वेळा मेले मी त्या दिवशी, निंग्रुम, आणि सहाही वेळा उठून चहा प्यायले.

निंग्रुमच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. वुर्यानीने तिला आणखी घट्ट धरलं, मग तिला कळलं की पोरगी हसतेय. हसता हसताच कळ आली. "जोर लाव," सुईण म्हणाली, आणि निंग्रुमने आईच्या दोन्ही मनगटांत नखं रुतवून जोर लावला. "आणखी एकदा." वुर्यानी मुंग्यांबद्दलच बोलत होती, काय बोलतेय हे तिला कळत नव्हतं, शब्द मागे-पुढे होत होते. "आणखी." तिच्या हातांतलं शरीर ताठ झालं, आणि मग एकदम सैल पडलं.

पुन्हा ती शांतता आली.

वुर्यानी बोलायची थांबली. सुईण वाकून कुणाच्या तरी पाठीवर थापट्या मारत होती. एक थापटी, दुसरी. निंग्रुमचं डोकं आईच्या खांद्यावर पडलं होतं, डोळे मिटलेले होते. वुर्यानीने गाल तिच्या नाकाजवळ नेला. वारा लागत नव्हता, का लागत होता, तिला ठरवता येईना. देवा, तिला घेऊ नकोस, मी उरलेले सगळे दिवस देते, मला घे, असं ती मनात म्हणत होती आणि आपण हे मोठ्याने म्हणतोय हे तिला कळत नव्हतं.

"कुणी कुणाला घेत नाहीये," सुईण म्हणाली. "हलू नका."

बाळ रडलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं खणखणीत. निंग्रुमचे डोळे उघडले. सुईणीने बाळ तिच्या छातीवर टाकलं आणि लगेच पुन्हा खाली वळली. इंजेक्शन दिलं, पोट दाबलं, कापड बदललं, पुन्हा बदललं. वुर्यानी कापडं मोजत होती. पाचव्या कापडावर लाल कमी होतं. सहाव्यावर आणखी कमी. सुईण मागे टेकली आणि तिने बाहीने कपाळ पुसलं. "गाडी आली की न्यायचंच," ती म्हणाली, "टाके घालायला. पण आता आरामात न्या." मग ती हात धुवायला बाहेर गेली आणि कास्तिनाला हाक मारून मुलगी झाली म्हणाली.

खोलीत तिघीच राहिल्या. निंग्रुम अजून आईच्या अंगावर रेलून होती आणि वुर्यानीचे हात बधिर झाले होते, तरी तिने ते काढले नाहीत. आता आपण जायला हवं, तिला वाटत होतं. काम झालं होतं. भिंतीला घासत आली तशीच भिंतीला घासत निघून जायचं. निंग्रुमला मागे बघावं लागू नये.

"ईबू, धर हिला. माझे हात कापतायत."

निंग्रुमने मागे न वळता बाळ खांद्यावरून मागे दिलं. वुर्यानीने घेतलं. एवढंसं गरम गाठोडं. घेता घेता तिने सवयीने तोंड भिंतीकडे फिरवलं. रस्त्यात, बसमध्ये, दवाखान्यात, कुणाचं लहान मूल जवळ आलं की ती असंच करायची, आया ओरडायच्या आधी.

निंग्रुमला ते मानेच्या हालचालीवरून कळलं असावं. "तोंड फिरवलंस ना?"

"लहान आहे गं. उगाच घाबरेल."

बाहेर गाडीचा आवाज आला, आणि हार्जुनोचा, दारातूनच आहे का, आहे का, असं विचारत येणारा.

"मला आठवतो तो तुझा पहिला चेहरा पडद्यावरचा आहे," निंग्रुम म्हणाली. "हिला आधी तू दिसू दे."

वुर्यानीने मान वळवली. तान्ही नात डोळे किलकिले करून तिच्याकडेच बघत होती. एकोणीस पिक्चरांत मिळून वाटली नसेल एवढी भीती वुर्यानीला त्या क्षणी वाटली, पण तिने चेहरा हलवला नाही.